ऐतिहासिक प्रेमकादंबरी: नव्या वाचकाने आपली आवड कशी ओळखावी

ग्रंथालयाच्या टेबलापाशी उभे राहून ‘ऐतिहासिक, पण प्रेमाची अशी एखादी द्या’ अशी मागणी करणारा वाचक पुष्कळदा नको असलेले पुस्तक घेऊन घरी जातो आणि चार दिवसांनी ते अर्धवट टाकून परत आणतो. यात ग्रंथपालांची चूक नसते. ‘ऐतिहासिक प्रेमकादंबरी’ या एकाच नावाखाली दोन वेगवेगळ्या घराण्यांची पुस्तके मांडलेली असतात आणि आपल्याला त्यांपैकी कोणते हवे आहे, हे वाचकालाच नीट सांगता आलेले नसते. मी स्वतः ही चूक केलेली आहे. कॉलेजात असताना इंग्रजी ‘रिजन्सी’ कादंबऱ्यांची, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडात घडणाऱ्या प्रेमकथांची चटक लागलेली होती, त्याच तंद्रीत रणजित देसाईंची ‘स्वामी’ हातात घेतली आणि माधवराव पेशव्यांचा जेथे अंत झाला त्या थेऊरला दोनदा जाऊन आलेली असूनही, शेवटच्या पन्नास पानांत एखादा वैद्य येईल आणि माधवराव उठून बसतील, अशी वेडी आशा धरून बसले. पुस्तक उत्तम होते. मी ते चुकीच्या अपेक्षेने उघडले होते. तशी वेळ इतरांवर येऊ नये म्हणून, जे मला दहा-पंधरा वर्षांत हळूहळू उमगले ते येथे क्रमाने मांडत आहे.

पहिली पायरी: शेवट कोणी ठरवलेला हवा, हे पाहावे

मराठीतील ऐतिहासिक कादंबरीची सुरुवात रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या १८७१ सालच्या ‘मोचनगड’पासून मानतात. पुढे पुण्यातच ‘करमणूक’ हे साप्ताहिक चालवणाऱ्या हरि नारायण आपट्यांनी तिला घरोघरी नेले. मोचनगडात आणि आपट्यांच्या काळात कल्पित नायक-नायिकांना पुष्कळ वाव होता. मात्र आज ‘ऐतिहासिक’ म्हणून आपल्या हाती येणारी बहुतेक मराठी कादंबरी खऱ्या, नामांकित माणसांची असते. बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला वारले, माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले, हे वाचकाला पहिले पान उलटण्याआधीच ठाऊक असते. लेखकाला त्यात बदल करता येत नाही. त्याच्या हाती राहते ते एवढेच, की त्या तारखेपर्यंतचे दिवस नायक-नायिकेने कसे काढले असतील.

इंग्रजी ऐतिहासिक प्रेमकादंबरीचा रिवाज याच्या उलट आहे. जॉर्जेट हेयर यांनी १९३५ पासून लिहिलेल्या रिजन्सी कादंबऱ्यांनी तो रूढ केला. काळ खरा, शहरे खरी, लढाया खऱ्या. परंतु प्रेमात पडणारी दोन माणसे कल्पित, आणि ती शेवटी एकत्र येणार हा वाचकाशी केलेला अलिखित करार. शेवट गोड झाला नाही तर त्या प्रकारचा वाचक पैसे परत मागेल.

म्हणजे शेवट दोन्हीकडे ठाऊकच असतो. एकीकडे तो इतिहासाने ठरवलेला असतो आणि दुसरीकडे रिवाजाने. तुम्ही थकून घरी आल्यावर वाचणार असाल, एखादे आजारपण किंवा दुःख नुकतेच होऊन गेले असेल, तर पहिल्या प्रकाराकडे इतक्यात वळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि गोड शेवट तुम्हाला पोकळ वाटत असेल, तर इंग्रजी कपाटापुढे वेळ घालवण्यातही अर्थ नाही.

दुसरी पायरी: दोघांमधला अडसर ओळखावा

माझ्या अनुभवात वाचकाची आवड काळावरून, राजघराण्यावरून किंवा लेखकाच्या नावावरून ठरत नाही. ती ठरते दोघांच्या मध्ये काय उभे आहे यावरून. आजच्या काळातल्या प्रेमकथेत दोघांना अडवणारे कारण लेखकाला मुद्दाम शोधावे लागते. ऐतिहासिक कादंबरीत ते कायदा, जात, वारसा, मोहीम, लोकापवाद अशा रूपांत आधीच उभे असते, आणि म्हणूनच आपण तिच्याकडे जातो. आतापर्यंत आवडलेल्या दोन-तीन पुस्तकांतला अडसर कोणता होता, हे एकदा आठवून पाहावे. उत्तर बहुधा एकच येते.

पेशवाईतले उदाहरण घ्या. त्या काळच्या लग्नांत प्रियाराधनाला जागाच नव्हती. मुलगी आठ-नऊ वर्षांची, मुलगा थोडा मोठा, पत्रिका वडीलधाऱ्यांनी पाहिलेल्या. त्यामुळे मराठी कादंबरीकाराला प्रेमाची सुरुवात लग्नानंतर करावी लागते: मुलगी मोठी होते, वाड्याच्या रिवाजाप्रमाणे चारचौघांत नवऱ्याशी बोलता येत नाही, सासूची नजर सगळीकडे असते, आणि जरा कोठे सूर जुळतो तोच दसऱ्याचे सीमोल्लंघन होऊन स्वारी चार-सहा महिन्यांसाठी मोहिमेवर निघते. ‘स्वामी’मध्ये माधवराव आणि रमाबाई यांच्यात तिसरे माणूस नाही, आहे ती दौलत, काका आणि क्षय. हा ‘लग्नानंतर उमलणारे प्रेम’ प्रकार तुम्हाला आवडत असेल, तर इंग्रजीकडे वळताना सोयीसाठी किंवा मालमत्तेसाठी केलेल्या लग्नाची कथा मागावी. त्या कपाटात ती पुष्कळ आहे, आणि ज्या माझ्या मैत्रिणींना नाच आणि मेजवान्यांची वर्णने कंटाळवाणी वाटतात, त्यांनाही ही पुस्तके पटकन आपलीशी वाटली. दोन अनोळखी माणसे एका छताखाली आणून ठेवली की पुढे काय होते, हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

बाजीराव-मस्तानीचा अडसर निराळा. तेथे घर, धर्म आणि पुण्यातला ब्रह्मवृंद अशी तिहेरी भिंत आहे, आणि मुलाच्या मुंजीच्या प्रश्नावर ती भिंत सर्वांत उंच होते. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ आवडलेल्या वाचकाला बहुधा समाजाशी झगडणारे प्रेम हवे असते. त्याला सोयीच्या लग्नाची कादंबरी बेचव लागेल. तिसरा एक अडसर मला स्वतःला सर्वांत जवळचा वाटतो: वाट पाहणे. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ परत आले नाहीत आणि पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. इनामदारांच्याच ‘शिकस्त’चा आधार हा आहे. यात नायक बहुतेक वेळ नसतोच. नायक प्रत्यक्ष समोर हवा असणाऱ्या वाचकाला हे पुस्तक कोणी भेट दिले तर त्याने ते सरळ दुसऱ्याला द्यावे.

इंग्रजी कादंबरीतले अडसर समजून घ्यायला तेथील कायद्याची थोडी माहिती लागते, नाहीतर नायिका उगीच घाबरते आहे असे वाटते. १७५३ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये २१ वर्षांखालील मुलामुलींच्या लग्नाला पालकांची संमती आवश्यक झाली. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता. म्हणून पळून जाणारी जोडपी रातोरात घोडागाडी उत्तरेकडे दौडवतात आणि सीमा ओलांडताच लागणाऱ्या ग्रेटना ग्रीन गावात लग्न उरकतात. वडील किंवा भाऊ मागून घोडे बदलत येत असतात. तसेच, लग्न होताच बायकोची बहुतेक मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जात असे. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी ही स्थिती पालटली. श्रीमंत नायिका प्रत्येक पुरुषाकडे संशयाने का पाहते, याचे कारण त्यात आहे.

येथे एक अवांतर गोष्ट, पण पुणेकर वाचकाला ती गमतीची वाटेल. ‘रिजन्सी’ म्हणजे १८११ ते १८२० हा काळ, ज्यात वेड्या झालेल्या तिसऱ्या जॉर्जच्या जागी त्याचा मुलगा कारभार पाहत होता. त्याच दशकात, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि पुढच्याच वर्षी पेशवाई संपली. लंडनच्या दिवाणखान्यातल्या गप्पांत ज्याचे नाव आदराने घेतले जाते तो वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे एप्रिल १८०३ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला गादीवर परत बसवण्यासाठी फौज घेऊन पुण्यात आलेला, आणि त्याच सप्टेंबरात असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली. या कादंबऱ्यांत ‘हिंदुस्थानातून पैसा करून आलेला काका’ वारंवार भेटतो. तो मेल्यावर त्याची इस्टेट नायिकेला मिळते आणि सगळे प्रश्न सुटतात. तो पैसा कोठून आला असेल, हा प्रश्न लंडनच्या वाचकाला पडो न पडो, शनिवारवाड्यावरून रोज बसने जाणाऱ्याला पडल्याशिवाय राहत नाही.

तिसरी पायरी: पहिले पान सोडून भेटीचे पान वाचावे

पुस्तक घेण्याआधी सगळेजण पहिले पान किंवा मलपृष्ठ वाचतात. पहिले पान लेखकाने दहा वेळा घासलेले असते आणि मलपृष्ठ प्रकाशकाने लिहिलेले असते. दोन्हींवरून फारसे कळत नाही. त्याऐवजी नायक-नायिका प्रथमच एकटी बोलत असतील असे पान शोधावे. साधारण पहिल्या चतुर्थांशाच्या आसपास ते सापडते. ते दोन-तीन मिनिटे उभ्याउभ्या वाचावे.

मराठी पुस्तकात या पानावर एकच गोष्ट पाहायची: बायको नवऱ्याला काय म्हणून संबोधते. वाड्यातल्या बाईने नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, ‘तुम्ही’सुद्धा जरा धीटपणाचे, म्हणून ‘इकडून’, ‘स्वारी’, ‘येणं झालं’ अशी वळणावळणाची भाषा. ‘इकडून काल यायचं झालं नाही, दूध तसंच राहिलं,’ या मी रचलेल्या वाक्यात कर्ता नाही, तक्रार नाही, नावही नाही. तरी रात्रभर कोण जागे होते ते कळते. चांगला लेखक ही आडवळणे प्रेमासाठी वापरतो. कच्चा लेखक एक तर त्यांचा नुसता गजरा माळतो, म्हणजे प्रत्येक ओळीत ‘स्वारी’, किंवा तिसऱ्याच पानावर बाईच्या तोंडी ‘अरे, ऐक ना’ घालतो. पहिला कंटाळा आणतो. दुसऱ्याचे पुस्तक तेथेच मिटावे.

इंग्रजीतही याला समांतर गोष्ट आहे. चारशे पानांत दोघे एकमेकांना पदवीने किंवा आडनावाने हाक मारत असतात आणि एका संध्याकाळी तो तिला नावाने हाक मारतो. जाणता वाचक त्या क्षणी पुस्तक बाजूला ठेवून पाणी पिऊन येतो. मराठी अनुवाद वाचणाऱ्याने तर हे अगदी डोळ्यांत तेल घालून पाहावे. इंग्रजीत सगळ्यांसाठी एकच सर्वनाम चालते, मराठीत ‘आपण’, ‘तुम्ही’ आणि ‘तू’ यांतून निवडावे लागते. अनुवादक ‘आपण’वरून ‘तू’वर कोणत्या प्रसंगी आला, यावर अख्ख्या प्रेमकथेचा तोल अवलंबून असतो. पहिल्या भेटीपासून दोघे एकमेकांना ‘तू’ म्हणत असतील, तर त्या अनुवादात निम्मी कादंबरी हरवली असे समजावे.

चौथी पायरी: शृंगार आणि संमती

मराठी ऐतिहासिक कादंबरी समई मंद करून प्रकरण संपवते. इंग्रजीत मात्र दाराशी थांबणारी आणि दाराआड जाणारी अशी दोन्ही प्रकारची पुस्तके एकाच कपाटात असतात. हेयर यांची पहिल्या प्रकारात मोडतात. संकोच न करता विचारून घ्यावे. एक सूचना मात्र गांभीर्याने करते. १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या बऱ्याच इंग्रजी ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांत नायकाने केलेली जबरदस्ती प्रेम म्हणून रंगवलेली आहे. फुटपाथवर स्वस्तात मिळणाऱ्या जाड, भडक मुखपृष्ठाच्या प्रतींत त्या बऱ्याच असतात. असे पुस्तक ‘त्या काळात तसेच चालायचे’ म्हणून रेटून वाचण्याचे काही कारण नाही. आपल्याकडच्या कादंबऱ्यांतही सहगमनाचे प्रसंग इतके सुंदर लिहिलेले असतात की वाचताना अस्वस्थ व्हायला होते. ती अस्वस्थता हा वाचकाचा दोष नव्हे, आणि लेखकाचे कसब मान्य करूनही ती जपता येते.

पाचवी पायरी: इतिहास किती तपासावा

थोडाच. कादंबरीकाराने संवाद रचलेले असतात, हे गृहीत धरूनच पुढे जावे. मस्तानीविषयी तर समकालीन कागदांत फारच थोडे सापडते, त्यामुळे तिच्या मनातले जे काही आपण वाचतो ते लेखकाचेच असते. परंतु घरगुती वस्तूंच्या चुका वाचनाची लय मोडतात. पानिपताच्या आदल्या रात्री काडी ओढून दिवा लावणारा शिलेदार मी एका कादंबरीत पाहिला आहे. घासून पेटणारी काडी इंग्लंडातच १८२० च्या दशकात निघाली. पेशव्यांच्या वाड्यात पाहुण्याला चहा विचारला जाऊ लागला, तर लेखकाने आपल्याच घराकडे पाहून लिहिले असे समजावे. वेळ मिनिटांत सांगितली जात असेल तेथेही थबकावे. त्या काळी घटका मोजत, ती २४ मिनिटांची, आणि दिवसरात्र मिळून ६० घटका. ‘दोन घटकांत येतो’ म्हणून गेलेला माणूस पाऊण तासाने येतो, हे ध्यानात आले की वाट पाहण्याचे प्रसंग वेगळेच जाणवू लागतात.

ज्याला आणखी खोलात जायचे असेल त्याच्यासाठी सदाशिव पेठेत १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, आणि गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड आहेत. पण माझा सल्ला असा की पहिल्या पाच कादंबऱ्या होईपर्यंत तिकडे वळू नये. नाहीतर प्रेमकथा राहते बाजूला आणि माणूस तहनाम्यांच्या तारखा जुळवत बसतो. सदाशिव पेठेत अशा माणसांची उणीव नाही.

सहावी पायरी: पुस्तके कोठून आणावीत

सुरुवातीला विकत घेऊ नयेत. आवड ठरेपर्यंत चार पुस्तके आवडणार नाहीत, हे धरूनच चालावे, आणि त्यासाठी ग्रंथालयाची वर्गणी स्वस्त पडते. १८४८ साली स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर आणि नारायण पेठेतले १९११ सालचे पुणे मराठी ग्रंथालय ही दोन जुनी नावे. याशिवाय बहुतेक उपनगरांत एखादे छोटे वाचनालय असतेच. टेबलापाशी गेल्यावर वर सांगितलेल्या पद्धतीने मागणी करावी: ‘लग्नानंतरचे प्रेम, पेशवाई, शेवट दुःखद असला तरी चालेल.’ किंवा ‘कल्पित माणसे, शेवट गोड, शृंगार बेताचा.’ जुने ग्रंथपाल अशा मागणीने खूश होतात. दुसरी एक युक्ती: आतल्या पानावर तारखांचे शिक्के मारण्याची पद्धत असलेल्या जुन्या प्रतीत ते शिक्के पाहावेत. दर आठवड्याला बदललेले पुस्तक आणि तीन वर्षांतून एकदा हललेले पुस्तक यांतला फरक कोणत्याही परीक्षणापेक्षा बोलका असतो.

जुनी पुस्तके घेताना शेवट आधी तपासावा, आणि हे मी शब्दशः म्हणते आहे. एकदा रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून चाळीस रुपयांना घेतलेली कादंबरी मी पावसाळी रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले. नायिका मेण्यातून उतरून दिंडी दरवाजापाशी उभी राहिली, आतून अडणा काढल्याचा आवाज आला, आणि ३०४ व्या पानावर पुस्तक संपले. ३०४ म्हणजे सोळा पानी हिशेबाने बरोबर १९ फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेले सोळा-सोळा पानांचे गठ्ठे. विसावा बांधणीतून निसटून गेलेला होता. दरवाजा कोणी उघडला, हे मला दुसरी प्रत मिळेपर्यंत आठ महिने कळले नाही. तेव्हापासून पुस्तक हातात घेतले की मी आधी मागचा पुठ्ठा उघडते, शिवण बोटाने दाबून पाहते, आणि शेवटच्या ओळीकडे न पाहता तिच्याखाली ‘समाप्त’ आहे की नाही एवढे पाहते. हे जमायला सवय लागते.

सातवी पायरी: वही

प्रत्येक पुस्तकासाठी चार ओळी पुरेत. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: ‘अडसर: सासू, मग मोहीम. दोघे एकटी पहिल्यांदा बोलली: पान ७२. कंटाळा: लढाईची दोन प्रकरणे. पुन्हा वाचेन: पत्रांचा भाग.’ पाच नोंदी झाल्या की त्या एकाखाली एक वाचाव्यात. मला माझ्या पाच नोंदींत चार वेळा ‘पत्रांचा भाग’ सापडला, आणि तोपर्यंत मी स्वतःला लढायांची वाचक समजत होते.

आठवी पायरी: जागा पाहून येणे

ही ऐच्छिक आहे, पण पुण्यात राहून न करणे म्हणजे करंटेपणा. शनिवारवाड्याला मस्तानीच्या नावाचा दरवाजा आहे. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणून पुन्हा उभे केलेले आहेत. त्या दालनात उभे राहिले की कादंबरीतला ‘महाल’ हा शब्द किती छोट्या जागेसाठी वापरलेला असू शकतो, याचा अंदाज येतो. तिची कबर शिरूर तालुक्यात पाबळला आहे. थेऊरला चिंतामणीचे देऊळ आहे, आणि नदीकाठी रमाबाईंचे वृंदावन. कादंबरी अर्धी झाली असताना थेऊरला जाऊ नये, पुरी वाचून मगच जावे. आणि संकष्टी चतुर्थी टाळावी, कारण त्या दिवशी दर्शनाच्या रांगेतच सगळा वेळ जातो आणि नदीकडे जायचे राहून जाते.